विली लोमनचा हिशोब वर्गात कोण मांडणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शिक्षणाच्या पानावर इंग्रजी साहित्याच्या पोरांसाठी आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन' या अमेरिकन नाटकावर, म्हणजे विली लोमन या थकलेल्या फिरत्या सेल्समनच्या गोष्टीवर, जे आलं होतं ते वाचलं, म्हणून हे पत्र. भाची टीवायला आहे, तिला हे नाटक लागलंय, त्यामुळे नोट्स, गाइड, यूट्यूबवरची लेक्चरं असं सगळं आमच्याकडे चालूच असतं आणि सगळीकडे सूर एकच, अमेरिकन ड्रीम (मेहनत केली की कुणीही मोठा होतो हे स्वप्न) फोल ठरलं, विली भ्रमात जगला, झालं, उत्तर तयार. मी काही साहित्यातला माणूस नाही. औषध कंपनीत एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) होतो, पुढे एरिया मॅनेजर, सगळी नोकरी बॅग घेऊन फिरण्यात गेली. पण नाटक मूळातून वाचलं तर पानोपानी पैसा आहे हो, आणि त्याबद्दल नोट्समध्ये अक्षर नाही.

पहिल्याच अंकात बघा. जुना प्रसंग आहे, विली टूरवरून घरी आलाय आणि बायकोला सांगतोय की प्रॉव्हिडन्सला पाचशे आणि बोस्टनला सातशेचा धंदा केला. लिंडा लगेच पेन्सिल घेऊन कमिशन काढते, २१२ डॉलर! मग हा हळूहळू खाली यायला लागतो, प्रॉव्हिडन्सला तसे एकशेऐंशी, म्हणजे नाही, सगळ्या टूरचे मिळूनच दोनशे. कमिशन उरलं सत्तर डॉलर आणि वर थोडी चिल्लर. तरी ती म्हणते, चांगलंच आहे की. आणि मग देणी वाचायला घेते, फ्रिजचे १६, वॉशिंग मशीनचे ९.६०, व्हॅक्यूम क्लीनरचे साडेतीन, छपराचे राहिलेत, गाडीच्या कार्ब्युरेटरचे द्यायचेत, पंधरा तारखेच्या आत सगळे मिळून १२० डॉलर. मंथ एन्डला साहेबाला फोनवर ज्याने कधी फिगर सांगितलीय त्याला हा सीन समजावून द्यावा लागत नाही. आणि लिंडाबद्दल गाइडमध्ये काय, तर 'सोशिक पत्नी'. अहो त्या घरात खरा आकडा माहीत असलेली ती एकटीच आहे! नवरा थापा मारतोय हे तिला कळतं, तरी ती त्याला बेरीज करून दाखवते पण खोटं पाडत नाही, यावर प्रश्न काढा ना.

दुसऱ्या अंकात विली मालकाच्या पोराकडे, हॉवर्डकडे जातो, आता फिरती झेपत नाही, न्यूयॉर्कमध्येच काहीतरी द्या म्हणतो. वय ६३, पगार आधीच बंद करून त्याला नुसत्या कमिशनवर टाकलेलं. आठवड्याला ६५ डॉलर मागतो, मग ५०, मग ४०. हॉवर्ड मात्र नवीन रेकॉर्डर दाखवण्यात रंगलाय. नोट्समध्ये हा रेकॉर्डर म्हणजे 'यंत्रयुगाचं प्रतीक', बरं, असेल, पण त्याची किंमत तिथेच सांगितलीय की, दीडशे डॉलर! म्हणजे विली शेवटी जेवढ्यावर तयार होतो त्याचा जवळजवळ चार आठवड्यांचा पगार साहेबाने खेळण्यावर घातलाय, आणि वर विलीच म्हणतो मी पण घेणार एक. मला तर हसावं का रडावं कळेना.

तिथून नोकरी गमावून तो शेजारी चार्लीच्या ऑफिसात जातो, विम्याचा हप्ता भरायला ११० डॉलर मागायला. चार्ली आठवड्याला ५० डॉलरची नोकरी देतो, फिरायचं नाही काही नाही, ती हा घेत नाही, पण त्याच चार्लीकडून दर आठवड्याला ५० डॉलर उसने घेऊन बायकोला पगार म्हणून दाखवत आलाय. नोकरी नको, उसने चालतील! असे लोक मी फिल्डवर पाहिलेत, आणि त्यांना भ्रमिष्ट म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

बापलेकाचं म्हणाल तर मोठा मुलगा बिफ, त्याने बापाला परक्या बाईबरोबर पकडलं ते बोस्टनचं हॉटेल, ते सगळं नोट्समध्ये बरं लिहिलंय, तक्रार नाही.

आर्थर मिलरने हे हवेतून आणलेलं नाही. त्याच्या वडिलांचा कोटांचा मोठा कारखाना मंदीत बुडाला, मॅनहॅटन सोडून कुटुंब ब्रुकलिनला आलं, हे त्याने पोरवयात पाहिलं होतं. नाटक १० फेब्रुवारी १९४९ ला ब्रॉडवेवर लागलं आणि ७४२ प्रयोग झाले. १९५१ मध्ये सिनेमा आला तेव्हा कोलंबिया कंपनी इतकी बिचकली की सिनेमाबरोबर दाखवायला सेल्समनच्या करिअरचे गोडवे गाणारी एक छोटी फिल्मच काढली, मिलर भडकला. आणि १९८३ मध्ये त्याने स्वतः बीजिंगला जाऊन हे चिनी भाषेत बसवलं, जिथे तेव्हा असा सेल्समन फारसा कुणी बघितलेला नव्हता, तरी लोकांना ते भिडलं. नुसतं अमेरिकन ड्रीमच असतं तर तिथे कुणाला काय पडलं होतं?

एक प्रश्न मात्र मला कुठल्याच गाइडमध्ये दिसला नाही. विली मुद्दाम गाडी ठोकून मरतो तो वीस हजार डॉलरच्या विम्यासाठी, म्हणजे बिफला भांडवल मिळावं म्हणून. त्याच्या कल्पनेत येणारा मेलेला भाऊ बेन आधीच म्हणतो की कंपनी कदाचित पैसे नाकारेल. पुढे अंत्यविधीच्या प्रवेशात घराचा शेवटचा हप्ता फिटल्याचं लिंडा सांगते, पण विम्याचं काय झालं ते कुणी बोलत नाही. मिलरने ते का वगळलं असेल? तुमच्या पानावर पुढच्या वेळी पोरांना हे विचारा, आणि जमलं तर उत्तरं छापा. भाचीचं म्हणणं आहे की पैसे मिळालेच नसणार, माझं मत वेगळं आहे, आमचं अजून भांडण चालू आहे.

आपला,
एक निवृत्त एमआर, सातारा