तुझे सात मिस्ड कॉल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं, म्हणून हे पत्र. बाबांबरोबर पाठवतेय, डब्यात चिवड्याच्या पिशवीखाली असेल.

गेल्या शुक्रवारी पहाटे 4:52 पासून तुझे सात मिस्ड कॉल. तुला ताप 103, रूममेट झोपलेली, आणि आई फोन उचलत नाही. मग तुझा मेसेज आला, "तुला पेशंटसाठी बरा वेळ असतो." त्यावर मी भांडणार नाही. तेव्हा माझे हात कुठे होते, तेवढं सांगते.

रात्रपाळी होती. साडेतीनच्या सुमारास पुण्याच्या 108 च्या सेंटरवरून केस आली : सात वर्षांची मुलगी, पोटात दुखतंय, उलटी. फोन मुकादमानं केला होता. पत्ता काय, तर "कॅनॉलच्या पुढं, टोळी उतरलीय तिथं." इंदापूरकडच्या उसाच्या फडात याहून चांगला पत्ता कुणी देऊही शकत नाही. आमच्या अँब्युलन्सचे ड्रायव्हर, पायलटमामा, त्यांनी दोनदा चुकीच्या पाणंदीत गाडी घातली. शेवटी एक माणूस मोबाइलचा टॉर्च हलवत पळत आला, तेव्हा ऊसतोड्यांच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, दिसल्या.

पोरगी जमिनीवर अंथरलेल्या पोत्यावर पडली होती. आईनं ओवा दिला होता. कोपीत पाऊल टाकताना माझ्याही डोक्यात अपचनच होतं, खोटं कशाला बोलू. पण टॉर्च तोंडावर मारला तर पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि उघड म्हटलं तरी उघडेनात. आवाज नाकातून येत होता. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. मण्यार अशीच असते बघ. घोणस चावली तर माणूस कळवळतो, पाय सुजतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात इतके बारीक की झोपही मोडत नाही. मग पहाटे पोट दुखतं आणि घरचे ओवा शोधतात.

पैंजण, बांगड्या काढल्या, तिला गाडीत घेतलं. मधल्या रस्त्याला उसाची ट्रॉली आडवी. ती निघेपर्यंत छाती जेमतेम हलायला लागली होती. 2014 ला राज्यात 937 गाड्या आल्या, त्यांत व्हेंटिलेटरवाल्या 233. आमची उरलेल्या 704 मधली. ऑक्सिजन आहे, हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग आहे, आणि ती दाबायला मी आहे. डाव्या हातानं मास्क तोंडावर घट्ट धरायचा, हनुवटी वर उचललेली ठेवायची, उजव्यानं बॅग. दर तीन सेकंदांना एकदा. मास्क जरा सैल झाला की फस्स करून हवा बाजूनं जाते आणि छाती उचलत नाही, म्हणजे तो श्वास फुकट. खड्डा आला की गुडघा स्ट्रेचरला टेकवून धरायचा.

त्यात तुझा फोन वाजला. तूच लावून दिलेली ती पेटीची धून, अ‍ॅप्रनच्या खिशात. तुझाच आहे हे कळलं, कारण ती दुसऱ्या कुणाला लावलेलीच नाही. एक हात सोडला असता तर चालला असता का, याचा हिशेब मी नंतर कितीदा केला. नसता चालला. आणि तिची आई समोर बसली होती, माझ्या हाताकडे बघत. तिला खिशातला फोन काढायला सांगता आला असता, हे सुचलं ते थेट दुसऱ्या दिवशी, भाजी निवडताना.

आणखी एक. मण्यारीच्या विषानं स्नायू लुळे पडतात, पण माणूस शुद्धीत असू शकतो. डोळे मिटलेले, हात उचलत नाही, आणि सगळं ऐकू येतं. घरच्यांना वाटतं गेली. म्हणून मी तिच्याशी बोलत राहते. त्या दिवशी सात वेळा पेटी वाजली तेव्हा म्हटलं, "बाळा, माझ्या पोरीचा फोन आहे, वाजू दे. तू ऐकतेस ना? अंगठा हलव." दुसऱ्या वेळी अंगठा हलला. इतकासाच.

इंदापूरला सरकारी दवाखान्यात सलाइनमधून सापाच्या विषावरच्या औषधाच्या पहिल्या दहा वायल, म्हणजे बाटल्या, सुरू झाल्या. तू मागे विचारलं होतंस, लहान मुलांना डोस कमी का नाही? साप मूल बघून विष कमी सोडत नाही, म्हणून. पण मण्यारीचं विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांना भिडलं की त्या वायलींनी श्वास लगेच परत येत नाही. तोवर कुणीतरी श्वास द्यावा लागतो. नळी टाकली आणि तशीच बॅग दाबत बारामतीला. साडेसातला व्हेंटिलेटरवर गेली. माझी बोटं मिटेनात, चहाचा कप मामांनी धरला.

मग फोन पाहिला. तोवर तुला रूममेटनं दवाखान्यात नेलं होतं.

सोनू, माफी मागावी की नाही हे अजून ठरत नाहीये. मागितली तर पुढच्या वेळी उचलीन असा अर्थ होईल, आणि तसं वचन माझ्याच्यानं देववत नाही. रात्रपाळीला मी उचलला नाही तर लगेच बाबांना लाव. ते आता फोन उशाशी, आवाज मोठा करून ठेवतात. त्यावरून आमचं भांडणही झालं. तुझा डेंग्यूचा रिपोर्ट साधा आला तरी पाणी पीत राहा.

पाचव्या दिवशी तिची नळी काढली. काल अ‍ॅप्रन धुवायला टाकताना खिशात तिचं एक पैंजण सापडलं. दुसरं आईकडे दिल्याचं आठवतंय. रविवारी मला सुट्टी आहे. टोळी अजून त्याच फडावर असेल तर सकाळी देऊन येईन, आणि दुपारी तुला फोन करीन.

तुझी,
आई