चौकटीतल्या 54 किलोंसाठी आभार

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

वजनाबाबत सल्ला घ्यायला मी आपल्याकडे आले होते, त्या भेटीला बरेच दिवस लोटले, तरी तिची आठवण निघाली की माझा कंठ अजूनही दाटून येतो. हे पत्र मी मुद्दाम उघडपणे लिहीत आहे, कारण नियमित वजने उचलणाऱ्या आणि अंगापिंडाने मजबूत असलेल्या कितीतरी स्त्रियांना वजनाच्या बाबतीत जो अपमान सोसावा लागतो, तो माझ्याही वाट्याला आला होता आणि तो आपण थांबवलात.

आपल्याआधी ज्यांच्याकडे मी गेले होते, त्यांनी माझी उंची 165 सेंटिमीटर आणि वजन 75 किलो एवढेच पाहिले, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवले आणि ‘60 वर या’ असे सांगून माझा विषय संपवला. मी व्यायाम कोणता करते, खाते किती, पाळी नियमित येते का, यांपैकी एकही प्रश्न त्यांना विचारावासा वाटला नाही. त्यांनी दिलेला आहार मी प्रामाणिकपणे पाळला. झोप उडाली, पाळी लांबत लांबत बंद झाली, खांद्यावर नेहमीचे वजन घेऊन उठबशा, म्हणजे स्क्वॉट, मारताना पाय लटपटू लागले, आणि हे सारे सांगायला गेले तेव्हा काटा खाली आला म्हणून त्यांनी माझे अभिनंदन केले. ते अभिनंदन मला आजही बोचते. शरीराला कामापुरतीसुद्धा ऊर्जा मिळाली नाही तर पाळी बंद पडते आणि पुढे हाडेही ठिसूळ होऊ लागतात, हे त्या खुर्चीवर बसणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे होते.

आपण काय केलेत, हे मला नीट आठवते. चरबीचे मोजमाप झाल्यावर आपण कोरा कागद घेतलात. 75 किलोंपैकी चरबी 28 टक्के, म्हणजे 21 किलो. उरलेले 54 किलो म्हणजे स्नायू, हाडे, अवयव आणि पाणी. मग आपण त्या 54 भोवती एक चौकट काढलीत, तिच्यावरून पेन पुन्हा एकदा फिरवलेत, कागद माझ्याकडे वळवलात आणि म्हणालात, “हे तुम्ही कष्टाने कमावलंय. याला हात लावायचा नाही. जो काही विचार करायचा तो उरलेल्या 21 चा.” माझ्या देहातले काहीतरी जपण्याजोगे आहे, असे त्या दिवसापर्यंत मला कुणीही म्हटले नव्हते. जे कमी करायचे त्याची मोजदाद सगळेच करत आले होते. जे टिकवायचे ते कागदावर आधी मांडणाऱ्या आपण पहिल्याच.

पुढचे गणित त्या चौकटीतूनच निघाले. माझे वजन 60 झाले असते आणि ते 54 शाबूत राहिले असते, तर चरबीला उरले असते फक्त 6 किलो, म्हणजे 10 टक्के. स्त्रीच्या शरीराला निव्वळ जगण्यासाठीच साधारण 10 ते 13 टक्के चरबी लागते. म्हणजे मला दिलेले ते लक्ष्य स्नायू जाळल्याशिवाय गाठताच येणार नव्हते. उलट 22 ते 25 टक्के चरबी धरली, तर 54 ला 0.78 ने आणि 0.75 ने भागून उत्तर आले 69 ते 72 किलो. मोजमापात थोडेफार कमीजास्त होतेच, म्हणून एकच आकडा न देता आपण मला या दोन आकड्यांमधला पट्टा दिलात. शिवाय माझी कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे, रक्तदाब आणि साखर ठीक आहे, तेव्हा 75 वरच राहायचे म्हटले तरी घाबरण्याचे कारण नाही, हेही आपण न विचारता सांगितलेत.

तक्त्याच्या हिशेबाने मी 72 वरच काय, 69 वरही जादा वजनाचीच ठरते, कारण बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 25 झाला की जादा वजन धरतात, आणि माझ्या उंचीला ती रेषा 68 किलोंवर येते. ते सूत्र मुळात केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात लोकसमूहांचा अभ्यास करताना मांडले आणि 1972 मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. हजारो माणसांची सरासरी पाहायला ते उपयोगी आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण किलोतला किती भाग स्नायूंचा आणि किती चरबीचा, हे त्याला कळत नाही. ते समोर बसलेल्या माणसाने पाहायचे असते. आपण पाहिलेत.

मॅडम, ज्ञान पुष्कळांकडे असते. समोरच्या बाईचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबणे, तिने घाम गाळून मिळवलेल्या ताकदीला दोष न मानणे आणि तिच्याशी तिच्या शरीराबद्दल अदबीने बोलणे, हा सभ्यपणा मात्र फार थोड्यांकडे आढळतो, आणि माझ्या मते उपचाराची सुरुवात तिथूनच होते. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांना तो आहे असे कुणी सांगतही नाही, म्हणून मी सांगते आहे.

सध्या माझे वजन 72 च्या आसपास आहे, पाळी पूर्ववत झाली आहे आणि डेडलिफ्टच्या, म्हणजे जमिनीवरून वजन उचलण्याच्या, बारवरची एकही प्लेट उतरवावी लागलेली नाही. बारवरचे वजन घसरू लागले तर काट्यावर काहीही दिसो, आहार वाढवायचा, ही आपली सूचना मी पाळते आहे. पुढच्या मोजमापाला येईन तेव्हा तो कागद सोबत आणीन, म्हणजे चौकटीतला आकडा वाढला असल्यास आपल्याला तिथेच दुरुस्त करता येईल.

आपली कृतज्ञ,
आपली एक रुग्ण