पाडायच्या आधी फोटो तरी काढू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात जुन्या वाड्यांच्या फोटोंचं पान येतं ते मी न चुकता बघतो, पण जुन्या कारखान्यांचं तसं पान कधी दिसलं नाही म्हणून हे पत्र.

माझी 31 वर्षं भोसरीच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला (ओतायचे साचे बनवायला) गेली. मुलगी जर्मनीत असते, मागच्या वर्षी तिच्याकडे गेलो तर जावई म्हणाले बाबा तुम्हाला एक जागा दाखवतो, आणि फ्योल्कलिंगेनला घेऊन गेले. 1873 मध्ये सुरू झालेला लोखंडाचा कारखाना, 1986 मध्ये भट्ट्या विझल्या, पण भंगारात न घालता तसाच ठेवला आणि 1994 मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. एका ओळीत सहा ब्लास्ट फर्नेस! हेल्मेट घालून जिथून भट्टीत माल टाकायचे तिथपर्यंत वर चढता येतं, पाय लटपटत होते पण चढलो. आम्ही क्युपोलात, म्हणजे फौंड्रीच्या उभ्या भट्टीत, तयार पिग आयर्न (कच्च्या लोखंडाचे ठोकळे) आणि भंगार वितळवायचो, इथे दगडातनं लोखंड काढायचे, वरून खनिज, कोक, चुनखडी, खालून गरम हवेचा झोत, आणि तळाला पातळ लोखंड, त्याच्यावर तरंगणारी मळी. इतकी वर्षं पिग आयर्न हातात घेतलं पण ते जिथे जन्माला येतं ती भट्टी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली.

दिवसभरात चारशेच्या वर फोटो काढले, कुणी हटकलं नाही. त्यातला मला सगळ्यात आवडतो तो भट्टीचा नाहीच, एका लिव्हरच्या मुठीचा आहे. सगळीकडे गंज पापुद्र्यांनी सुटलाय आणि त्या मुठीवर मात्र बोटं बसतील अशा खाचा झिजून पडल्यात, अगदी जवळ जाऊन काढला. आमच्या लॅडलच्या, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याच्या, दांड्याला अशीच झीज होती, ती धरणारे दोघं आता नाहीत. दुसऱ्या महायुद्धात फ्योल्कलिंगेनच्या या कारखान्यात हजारो लोकांना जबरदस्तीने राबवलं होतं, तेही त्यांनी झाकलेलं नाही, त्यांच्या आठवणीसाठी आत वेगळी जागा केली आहे.

जर्मनीतच बेर्न्ड आणि हिला बेखर नावाचं जोडपं होतं, 1959 पासून कित्येक वर्षं त्यांनी भट्ट्या, पाण्याच्या टाक्या, गॅसच्या टाक्या यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले, मुद्दाम ढगाळ दिवशी, म्हणजे सावल्या पडत नाहीत आणि प्रत्येक नट दिसतो. त्यातल्या बऱ्याच भट्ट्या आज उभ्या नाहीत, फोटो आहेत. असं आभाळ आपल्याकडे आषाढ-श्रावणात रोज असतं. त्यांच्या फोटोत माणसं नसतात, मला मात्र माणसं हवीत.

आता दुखणं सांगतो. परत आल्यावर इथल्याच एका बंद पडलेल्या जुन्या फौंड्रीचे फोटो काढायला गेलो. क्युपोला उभा होता, पॅटर्नच्या खोलीत लाकडी पॅटर्न (ज्यांच्यावरून साचे बनवतात ते नमुने) नंबर घालून रचलेले खिडकीतनं दिसत होते. गेटवर सांगितलं, साहेबांची लेखी परवानगी आणा. अर्ज दिला, तीन चकरा मारल्या, चौथ्यांदा गेलो तर पत्रे लागलेले आणि आत जेसीबी. तो माल कुठे गेला कुणाला माहीत नाही. मला मालकाशी भांडायचं नाही, जागा त्यांची आहे, पण एक दिवस कॅमेरा आत जाऊ दिला असता तर काय बिघडलं असतं?

आपल्याकडे या गोष्टीची जाण नाही असंही नाही. नागपूरजवळ नायकुंडला अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळायची मातीची भट्टी उत्खननात मिळाली, त्या कामात आपल्या डेक्कन कॉलेजची माणसं होती. जमिनीखालची भट्टी इतक्या कष्टाने शोधायची आणि समोर उभी असलेली बघता बघता जाऊ द्यायची, हे मला पटत नाही.

म्हणून विनंती एवढीच, पेपरातनं कारखानदारांना आवाहन करा की शेड पाडायच्या आधी आठ दिवस कळवा आणि एक दिवस फोटोसाठी द्या. मी कॅमेरा घेऊन येतो. माझ्याबरोबरचे दोन जुने मोल्डर यायला तयार आहेत, कुठल्या खड्ड्यात काय ओतायचे आणि कुठल्या मशीनला काय नाव होतं ते त्यांना सगळं पाठ आहे. दोघंही सत्तरीच्या पुढे आहेत.

आपला,
एक निवृत्त मोल्डर, चिंचवड, पुणे