मोजणी कुठल्या दगडापासून सुरू केली, तेही लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवानाधारक खासगी भूमापकाकडून जमीन मोजून घेता येणार, हे शासनाने 2025 मध्ये जाहीर केल्यापासून आमच्या दिंडोरी तालुक्यात पारावर दुसरा विषय नाही. मोजायचे भूमापकाने, तपासून शिक्कामोर्तब करायचे भूमी अभिलेख कार्यालयाने आणि हे सगळे 30 दिवसांत. मोजणीच्या तारखेची वाट पाहण्यात ज्याचा एक हंगाम गेला आहे, त्याला आनंद होणारच. मलाही झाला. पण अशाच घाईपायी मी एकदा हात पोळून घेतले आहेत, म्हणून हे लिहितो.

आमची वडिलोपार्जित जमीन 1 हेक्टर 20 आर (आर म्हणजे साधारण एक गुंठाच). चार वर्षांपूर्वी तारेचे कुंपण घालायचे मनात आले. सरकारी मोजणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून नाशिकहून एक खासगी मोजणीवाला बोलावला. परवाना वगैरे विचारायचे सुचलेही नाही. गाडीतून उतरला, रोव्हरची, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या यंत्राची, काठी जोडली आणि मी पुढे, तो मागे, अशी आम्ही बांधाबांधाने शेताला प्रदक्षिणा घातली. दीड तासात काम फत्ते. दोन दिवसांनी मोबाइलवर रंगीत नकाशा आला. क्षेत्र 1 हेक्टर 14 आर. फोनवर म्हणाला, "सहा गुंठे कमी भरतात काका. उत्तरेकडच्यांनी दाबलेत."

उत्तरेला माझा सख्खा चुलतभाऊ. सातबारा पाहायचा, त्याच्याशी बोलायचे, हे बाजूला ठेवून मी त्याच्या अंगाला सरकून सिमेंटचे चौदा पोल रोवले. मग व्हायचे तेच झाले. भांडण पोलीस ठाण्यापर्यंत गेले. त्या दिवाळीत एकमेकांच्या घरी फराळाचे ताटही गेले नाही.

शेवटी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा, म्हणजे जुन्या नोंदींवरून हद्द ठरवून देणाऱ्या सरकारी मोजणीचा, अर्ज केला. लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या आणि पाच महिन्यांनी, सोयाबीन निघाल्यावर, भूकरमापक (कार्यालयाचा मोजणी कर्मचारी) आला. त्याने यंत्राला हातच लावला नाही. आधी टिपणाची, म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी काढलेल्या मापांच्या आराखड्याची, नक्कल गाडीच्या बॉनेटवर पसरली. सगळी मापे साखळी-आण्यांत. सोळा आणे म्हणजे एक साखळी, 33 फूट. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा. वडिलांच्या तोंडून ऐकलेला हा हिशेब मी पहिल्यांदा आमच्याच शेताच्या कागदावर पाहिला. मग त्याने विचारले, "जुना दगड कुठला शाबूत आहे?" मी गप्प. उत्तर दिले ते चुलतभावाने, जो तोवर माझ्याकडे पाठ करून उभा होता. "वायव्येच्या कोपऱ्यात, घाणेरीच्या जाळीत बघा." टिकावाने हातभर खणल्यावर दगड लागला. तिथून शेजारच्या गटांतल्या दोन खुणांशी मेळ घातला आणि मग कुठे रोव्हर उभा राहिला.

उत्तरेचा बांध होता तिथेच निघाला. आमचे सहा गुंठे दक्षिणेला, ओहोळात आणि त्याच्या पलीकडच्या काठावर. सातबारावर पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लिहिलेलेही होते. पहिल्या दिवशी मी ओहोळ ओलांडला नाही, म्हणून त्या मोजणीवाल्यानेही ओलांडला नाही. त्याने मोजली ती माझी वहिवाट, म्हणजे मी कसत असलेली जागा, हद्द नव्हे. पोल उपटले त्या संध्याकाळी चुलतभाऊ इतकेच बोलला, "आता ते खड्डेही बुजव, गाय अडखळते."

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली किंवा आंब्याच्या दाट झाडीत रोव्हरला उपग्रह नीट मिळत नाहीत, पण एरवी तो सेंटीमीटरपर्यंत बरोबर सांगतो. फक्त, चुकीच्या जागी उभा केला तर तिथलेही सेंटीमीटरपर्यंत बरोबर सांगतो! म्हणून परवानाधारक भूमापक नेमताना माझ्यासारख्यांनी आधी परवाना पाहावा आणि मग तो पहिल्यांदा काय मागतो ते पाहावे. टिपण, फाळणी (पुढे पडलेल्या पोटहिश्श्यांचा नकाशा), गटनकाशा मागणारा आणि लगतच्यांना नोटीस गेली का विचारणारा असेल तर जरूर बोलवा. आधी आगाऊ रक्कम मागून "उद्याच येतो" म्हणणारा असेल तर तारीख उशिराची मिळाली तरी परवडेल.

राहिला पैशांचा प्रश्न. सरकारी मोजणीला ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमितसाठी 2 हजार आणि द्रुतगतीसाठी 8 हजार रुपये लागतात, हे कोणालाही पाहता येते. खासगी भूमापकाची फीसुद्धा अशीच ठरवून, परवानाधारकांच्या यादीसह, प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयाबाहेर फलकावर लावावी. 2027 च्या सिंहस्थामुळे नाशिकभोवती जमिनीला जो भाव चढला आहे, त्यात प्लॉट विकणारा आणि मोजणारा एकाच गाडीतून येऊ नयेत एवढी तरी दक्षता हवी. जो मोजणीचे पैसे देतो त्याच्याकडे बांध सरकायला वेळ लागत नाही. कार्यालयाने तपासणी टेबलावर बसून न करता काही प्रकरणे प्रत्यक्ष शेतात जाऊन उघडून पाहावीत, आणि चुकीची मोजणी पुन्हा पुन्हा निघाली तर परवाना काढून घ्यावा. मोजणीत अतिक्रमण दिसले तरी मोजणारा ते हटवू शकत नाही, त्यासाठी पुढे बहुतेकदा दिवाणी कोर्टच गाठावे लागते. त्या कोर्टात वर्षानुवर्षे ज्या नकाशावर भांडायचे, तो तरी खरा असावा.

आणि एक छोटी मागणी. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या मोजणी नकाशाच्या 'क' प्रतीवर भूमापकाचा परवाना क्रमांक तर असावाच, पण मोजणी कुठल्या जुन्या खुणेपासून सुरू केली आणि ती खूण दाखवताना लगतचे कोण कोण हजर होते, हेही ठळक लिहावे. त्याला एक ओळ पुरते.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. दिंडोरी, जि. नाशिक