गेटावरच्या पत्रपेटीविषयी चि. बाबूस

॥ श्री ॥

कणकवली,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाबू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मालवणच्या घराच्या गेटावरील पत्रपेटीचे तू पाठवलेले फोटो मी चष्मा लावून, मोठे करून नीट पाहिले. ती भंगारात काढून स्टेनलेस स्टीलची नवी पेटी घ्यावी का, असे तू विचारले आहेस. फोनवर सांगायला गेलो तर कामाचा क्रम पुढेमागे होईल, आणि या कामात क्रमालाच महत्त्व आहे, म्हणून लिहून कळवतो. पेटी टाकू नकोस. छपराचा पत्रा, दोन्ही बाजू आणि दार शाबूत आहेत. गेला आहे तो तळ आणि मागच्या पत्र्याचा खालचा चार बोटांचा पट्टा. तळ बदलता येतो. मात्र तो कशामुळे गेला हे पाहिल्याशिवाय नवी पेटी आणलीस, तर तीही काही वर्षांत याच वाटेने जाईल.

आपल्याकडे गंजाचे खापर पावसावर फोडण्याची रीत आहे. कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा तसे वाटणे साहजिक आहे. परंतु इथे समुद्रापासून आत, कणकवलीतही पाऊस काही कमी नाही, आणि तरीही आपल्या दारची पेटी, तीही साध्या पत्र्याची, अजून धड आहे. फरक आहे तो मिठाचा. लाटा फुटताना उडणारे खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि त्यांतले बहुतेक मीठ किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातच खाली बसते. तुझे घर नेमके त्या पट्ट्यात आहे. साधे मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलेच पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठात जे मॅग्नेशियम क्लोराइड असते ते तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओले होते. म्हणजे पाऊस नसतानाही पेटीच्या पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा खाऱ्या पाण्याचा थर असतो, आणि लोखंड गंजायला तेवढा पुरतो.

यातून एक गोष्ट निघते, जी ऐकायला उलटी वाटेल. पेटीच्या ज्या भागावर पाऊस थेट पडतो तो भाग धुऊन निघतो. जिथे पाऊस पोहोचत नाही तिथे मीठ साचत राहते. तुझ्या फोटोत छपराचा वरचा रंग अजून चकाकतो आहे आणि पेटीचा पोटाकडचा भाग, तसेच भिंतीकडची बाजू, यांचे पापुद्रे सुटले आहेत, याचे कारण हेच. तेव्हा पेटीला जपायचे म्हणून तिच्यावर प्लॅस्टिक बांधू नकोस. दिवाळीनंतर पाऊस थांबला की मे अखेरपर्यंत दर पंधरवड्याला बादलीभर गोड्या पाण्याने आणि फडक्याने ती पुसून काढ, विशेषतः खालून आणि मागून, आणि लगेच कोरडी कर. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरू नकोस, नळाचे घे. बाकी सर्व डागडुजीपेक्षा या एका सवयीने पेटीचे आयुष्य जास्त वाढते, असे माझे मत आहे. टपाल वाटण्यातच माझी सारी नोकरी झाली आणि किनाऱ्यावरच्या वाड्यांमधल्या पेट्या मी रोज हाताळल्या, त्यावरून हे सांगतो.

आता दुरुस्ती. पेटी भिंतीवरून उतरव आणि आतले सगळे बाहेर काढ. कोपऱ्यात कुंभारीण माशीची मातीची घरटी असतील. ती खरवडून टाक, कारण ती माती ओल धरते आणि तिच्याखाली पत्रा सडतो. गांधीलमाशीचे पोळे असेल तर हात घालण्याआधी संध्याकाळपर्यंत थांब आणि कोणा जाणत्याला बोलाव. यानंतर पेटी आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धू. हे धुणे लोक टाळतात आणि थेट पॉलिशपेपर घेऊन बसतात. त्याने मीठ निघत नाही, ते घासले जाऊन पत्र्याच्या खळग्यांत आणखी खोल बसते, आणि वरून कितीही महाग रंग दिला तरी वर्षाच्या आत त्याखालून फोड येतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून उचलतो.

जुना रंग काढताना सावध राहा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत, मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले; ही पेटी त्याच्या कितीतरी आधीची आहे. त्यामुळे कोरडे घासून धूळ उडवू नकोस, पाणी लावून घास, तोंडाला मास्क बांध, आणि छोटीला तेवढा वेळ आजूबाजूला फिरकू देऊ नकोस. खाली वर्तमानपत्र पसर आणि निघालेला चोथा त्यातच गुंडाळून टाक. तो अळवाच्या वाफ्यात जाऊ देऊ नकोस. जाड गंज तारेच्या ब्रशने काढ, मग आधी ८० नंबरचा आणि नंतर १२० नंबरचा पॉलिशपेपर वापर. हे घासून झाल्यावर पुन्हा एकदा स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, उन्हात तापव. उघडा पडलेला पत्रा तुझ्याकडच्या हवेत रात्रभर ठेवलास तर सकाळी त्यावर पिवळसर झाक आलेली दिसेल, म्हणून प्रायमरचा पहिला हात त्याच दिवशी दुपारी बसलाच पाहिजे. खळग्यांत राहिलेल्या काळपट गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण लावता येते, पण हातमोजे घालून, आणि सुटा पापुद्रा अजिबात राहिलेला नाही याची खात्री करून.

तळाला जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जीआयचा, पत्रा घालू. मागच्या पत्र्याचा सडलेला पट्टा कापून टाकायचा आणि नव्या तळाची मागची बाजू तेवढी उंच वाकवून घ्यायची, म्हणजे वेगळा तुकडा जोडायला नको. रिवेट मात्र ॲल्युमिनियमचे नकोत, जरी हार्डवेअरच्या दुकानात तेच आधी समोर ठेवतात. खाऱ्या ओलीत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते, आणि इवलासा रिवेट मोठ्या पत्र्यापुढे फार लवकर संपतो. स्टेनलेस स्टीलचे रिवेट माग. नव्या तळाला चार कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची भोके पाड. त्याहून बारीक भोकात पाण्याचा थेंब अडकून बसतो. मुंग्या येतील म्हणून भोके नकोत असे तुला कोणी सांगेल. मुंग्या भोकांविनाही येतात, पाणी मात्र भोकाविना जात नाही.

जीआयच्या पत्र्यावर साधा ऑइलपेंट थेट देऊ नकोस. त्या रंगातील तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सालीसारखा सुटतो. त्यासाठी आधी एचिंग प्रायमर लागतो. दुकानदार ‘वॉश प्रायमर’ म्हणूनही देईल. जुन्या लोखंडी भागाला रेड ऑक्साइड चालतो, परंतु समुद्राच्या इतक्या जवळ दोन डब्यांचा, झिंक फॉस्फेट असलेला एपॉक्सी प्रायमर मिळाला तर तो अधिक टिकेल. रेड ऑक्साइड लावून पेटी महिनाभर तशीच ठेवण्याची चाल आहे, ती बरी नव्हे. तो थर पाणी आत झिरपू देतो. रंग धारदार कडांवरून मागे सरकतो आणि तिथे पातळ बसतो, म्हणून कडा कानशीने किंचित गोल कर आणि प्रत्येक हाताआधी छोट्या ब्रशने फक्त कडा रंगवून घे. प्रायमरचे दोन आणि एनॅमलचे दोन हात पुरेत. दुपारी चारनंतर ब्रश हातात धरू नकोस. हल्ली संध्याकाळी दव पडू लागले आहे आणि ओल्या रंगावर दव पडले की त्याची झळाळी जाते.

रंग कोणता, तर फिकट. गडद पेटी उन्हात तापते आणि आतले पाकीट करपट होते. लाल तर मुळीच नको: आमच्या भागात एका घराला लाल पेटी होती, आणि रस्त्याने जाणारे लोक पोस्टात टाकायची पत्रे तिच्यात टाकून निश्चिंतपणे निघून जात!

बिजागरीला आणि कुलपाला खोबरेल तेल लावण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, धूळ धरते आणि मुंग्यांना आमंत्रण देते. पेन्सिलीची शिसपूड कोरड्या मुलखात उत्तम, पण खाऱ्या ओलीत ग्राफाइटच धातूच्या गंजाला हातभार लावते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब किंवा सिलिकॉनचा फवारा घे, आणि कुलूप पितळेचे ठेव.

पेटी परत बसवताना खरी परीक्षा आहे, कारण तुझा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, चिऱ्याचा, जांभ्या दगडाचा आहे. चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात प्यायलेले पाणी तो गणपती होऊन गेले तरी सोडत नाही. आजवर पेटी त्याला चिकटून होती, म्हणून पाठ आणि तळ एकदम गेले. पीव्हीसी पाइपचे इंचभर लांबीचे तुकडे स्क्रूवर घालून पेटी आणि भिंत यांमध्ये मोकळी जागा ठेव, म्हणजे वारा खेळेल आणि तुझे फडकेही मागे पोहोचेल. चिऱ्यात ड्रिल करताना हॅमरचा खटका बंद ठेव, नाहीतर भोक दुप्पट होऊन खिट्टी फिरत राहील. चिऱ्याच्या मध्यावर भोक पाड, सांध्यालगत नको, आणि नेहमीपेक्षा लांब खिट्टी वापर. चिरा अगदीच भुसभुशीत निघाला तर भोक मोठे करून सिमेंटने भर आणि ते पुरते सुकल्यावर त्यात नवे भोक घे.

तोंड सध्या रस्त्याकडे, म्हणजे नैर्ऋत्येला आहे. आपला पावसाळी वारा तिथूनच येतो आणि झडपेखालून पाणी आत फेकतो. गेटाच्या दुसऱ्या खांबावर ती पूर्वेकडे तोंड करून बसेल असे फोटोवरून वाटते, तसे कर. छपराची पुढची कड दीड-दोन इंच बाहेर आणून खाली वाकवली की पागोळी फटीपासून दूर गळेल. ती पट्टीही मी तळाबरोबर करून घेतो.

पोस्टमनच्या बाजूने चार शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. फटीच्या धारेने बोटे कापतात, तिला कानस मार किंवा रबरी पट्टी लाव. फट किमान साडेनऊ इंच लांब आणि सव्वा इंच उंच असावी, म्हणजे मासिक मुडपून कोंबावे लागत नाही, आणि अर्धे बाहेर राहिलेले मासिक भिजत नाही. पेटी छातीच्या उंचीवर, गेटाच्या बाहेरून हात पोहोचेल अशी हवी. कुत्रा तुझ्या दृष्टीने कितीही गरीब असला तरी. वर आडनाव आणि घर क्रमांक ठळक लिही. लोक पेटीवर पिनकोड रंगवतात, त्याचा काही उपयोग नाही. १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेला तो सहा आकडी क्रमांक टपालाची वर्गवारी करण्यासाठी आहे. पोस्टमन तुझ्या दारात पोहोचला तेव्हा त्याचे काम झालेले असते. तुझा ४१६६०६ पत्ता देताना पाकिटावर येतो की नाही तेवढे बघ. सही घेऊन द्यायचे स्पीड पोस्ट पेटीत पडत नाही, नोंदणी टपालही २०२५ मध्ये त्यातच विलीन झाले. पण बँकेची, विम्याची साधी पत्रे पेटीतच येतात आणि भिजून चिकटलेले पत्र उलगडताना नेमकी तारखेची ओळ फाटते.

स्टेनलेस स्टीलचा मोह अजूनही असेल तर एवढे ध्यानात ठेव की बाजारात मिळते ते बहुधा ३०४ प्रतीचे असते आणि किनाऱ्यावर त्यावर चहासारखे तपकिरी डाग पडतात. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते मिठाला अधिक तोंड देते, पण महाग असते, आणि धुवावे तेही लागतेच.

मार्च-एप्रिलमध्ये आत काड्या-गवत दिसू लागले तर दयाळ पक्ष्याने जागा धरली असे समज. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत साधारण महिना जातो. तेवढे दिवस पेटी त्याची. पोस्टमनला सांगून गेटाला दुसरा डबा टांग, आणि पिल्ले गेल्यावर घरटे काढून पेटी धुऊन घे. तोपर्यंत मृग जवळ आलेला असेल, म्हणजे भोके मोकळी आहेत का, झडप घट्ट पडते का, हे त्याच वेळी पाहून होईल.

आता तू एवढे कर: तळाची आतली लांबी-रुंदी, मागचा पट्टा जिथे पक्का पत्रा सुरू होतो तिथपर्यंतची उंची, आणि छपराच्या पुढच्या कडेची लांबी, सर्व मिलिमीटरमध्ये मोजून कळव. वाकवण्यासाठी लागणारी जास्तीची पट्टी मी धरतो, तू धरू नकोस, नाहीतर दोनदा धरली जाईल. येत्या आठवड्यात इथल्या फॅब्रिकेटरकडून दोन्ही तुकडे करून घेतो आणि स्टेनलेसच्या रिवेटसह एस.टी.च्या पार्सलने मालवण स्थानकावर पाठवतो. तुझ्याकडे रिवेट गन नसेल तर तसे कळव, माझी त्यातच घालतो.

तुझे
बाबा