चार कोटी अंकांचे शेपूट

महोदय,

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांना सापडलेली मूळ संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. तिचा शेवटचा अंक मी आठवीच्या मुलांना काढायला सांगितला. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. घातांकाला ४ ने भागले की बाकी १, म्हणून अंक २. त्यातून १ गेला, उरला १. वर्ग क्षणभर गप्पच झाला!

घातांक मूळ असला की उत्तर मूळच, असे मात्र नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. हे एका मुलीने स्वतः शोधले.

आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या मंदिरात इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. खान्देशातल्या किती सहली तिथे जातात, दर्शन घेऊन, डबे खाऊन परततात. शिक्षकांनी त्या लेखापाशी मुलांना घेऊन एक तास तरी बसावे, ही कळकळीची विनंती.

— एक गणित शिक्षक, चाळीसगाव (जि. जळगाव)