वास रात्रीचा, सॅम्पल दुपारचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या वस्तीच्या मागच्या भिंतीला लागूनच शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, सगळे त्याला नुसतं 'प्लांट' म्हणतात. आधीच सांगतो, प्लांट इथून हलवा अशी आमची मागणी नाही. एवढं मैलापाणी कुठंतरी साफ व्हायलाच पाहिजे, नाहीतर ते थेट नदीत जाणार हे आम्हाला पण कळतं. तक्रार वेगळीच आहे.

प्लांटच्या टाक्यांमध्ये हवा सोडणारे मोठे ब्लोअर असतात, त्यांची घरघर आमच्या घरात दिवसभर ऐकू येते आणि खरं सांगायचं तर त्या आवाजाची आता सवय झालीय. पण बऱ्याचदा रात्री अकरा-साडेअकराला ती घरघर बंद होते, एकदम शांत वाटतं, आणि मग पहाटे चारच्या सुमारास सडक्या अंड्यासारखा असा काही वास येतो की झोपलेला माणूस उठून बसतो. खिडक्या लावल्या तरी बाथरूमच्या झरोक्यातून येतोच. सकाळी नऊच्या आसपास घरघर परत चालू, आणि दुपारी कोणी तपासायला आलं की "कुठंय वास?"

यात जादू काही नाही. मैला खाणारे जिवाणू त्या हवेवर जगतात. टाकीतल्या पाण्यात लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन राहिला की ते नीट काम करतात. काही तास हवा बंद ठेवली की पाणी आणि गाळ सडायला लागतो, हवेशिवाय जगणारे जिवाणू जोर धरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच हा वास. त्यात रात्री वारा पडलेला असतो त्यामुळे तो जमिनीलगत साचून राहतो. घरातली चांदी पण लवकर काळी पडते, ती याच गॅसमुळे. आता ब्लोअर बंद का ठेवतात, तर अशा प्लांटच्या लाईट बिलातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग ब्लोअरच खातात म्हणे, त्यामुळे आमचा संशय तिकडेच जातो. मशीन नादुरुस्त असेल तर तसं सांगा ना, पण विचारलं की उत्तर एकच, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

रिपोर्ट नॉर्मल येणारच हो! दुपारी एक बाटली भरून नेली तर त्यात दुपारचंच पाणी येणार. दिवसरात्र दर तासाला थोडं थोडं पाणी घेऊन ते एकत्र करून तपासायची पद्धत आहे, ती का वापरत नाहीत? वरून बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते मोजायची टेस्ट 3 ते 5 दिवसांची असते, म्हणजे रिपोर्ट हातात येईपर्यंत ते पाणी नदीतून कुठल्या कुठे गेलेलं असतं. मीटर लावून ऑक्सिजनचा आकडा तासातासाला गेटवरच्या बोर्डवर दाखवता येतो, त्याला काही मोठं तंत्रज्ञान लागत नाही.

चूक आमचीही आहे, नाही म्हणत नाही. वाइप्स, सॅनिटरी पॅड, तळणीचं तेल सगळं आपणच ड्रेनेजमध्ये ढकलतो आणि मग जाळी तुंबते. पण जाळी तुंबल्यामुळे पहाटे चारलाच वास येतो असं कोणी सांगू नये.

आम्हाला जास्त काळजी आत काम करणाऱ्या पोरांची वाटते. हा गॅस थोडा असला तर नाकाला लगेच कळतो, पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. आमच्या घरापर्यंत तेवढा येत नसेल, पण बंद टाकीत किंवा मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याचं काय? भिंतीवरून दिसतात ती पोरं, तोंडाला नुसता रुमाल बांधलेला असतो, गॅस मोजायचं यंत्र एकदाही दिसलं नाही.

आमच्या गल्लीत आता एका वहीत आम्ही घरघर बंद झाल्याची आणि वास आल्याची वेळ लिहून ठेवतो. ब्लोअरच्या नोंदी प्लांटमध्ये पण असणारच, त्या आमच्या वहीच्या शेजारी ठेवून बघा एवढंच म्हणणं आहे. आणि पुढची तपासणी पहाटे चारला ठेवा, चहा आमच्याकडे, तसेही आम्ही जागेच असतो.

प्लांटमागच्या गल्लीतला एक वाचक